शंभरातून वय वजा

सदाशिव पेठ, दुसरा मजला, खाली मिक्सर दुरुस्तीचं दुकान.
एकतीस वर्षं मी इथे माणसं कापते,
चार मायक्रॉन जाडीची.
हे ऐकून भाचेसून दचकली होती.
म्हटलं, अगं, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ,
दुखत नाही कुणाला.

आज मेणाचे दोन ठोकळे शेजारी शेजारी आले.
पहिला चार महिन्यांच्या बाळाचा:
हृदयापर्यंत जायला वाट हवी होती,
वाटेतली थायमस थोडी काढली.
दुसरा एकाहत्तर वर्षांच्या कुणा दामल्यांचा, बायपासच्या वेळचा.
चिठ्ठीवर सर्जनचं घाईचं अक्षर: चरबी? थायमस?
दोन्ही उत्तरं बरोबर होती.

बाळाची स्लाइड निळी.
इतकी, की वाटलं रंगात जास्त वेळ राहिली.
पेशी मांडीला मांडी लावून बसलेल्या,
समोरच्या अभ्यासिकेतल्या पोरांसारख्या,
बार्शीहून, उदगीरहून आलेल्या,
डबा खुर्चीखाली, परीक्षा डोक्यावर.
इथेही परीक्षाच. पेपर एकच:
परका ओळखायचा, आणि आपल्यांवर हात उचलायचा नाही.
शंभरातले दोन-चार पास.
बाकीचे तिथेच विरघळतात, घरी पत्रही जात नाही.

दामल्यांची स्लाइड पांढरी.
चरबी काचेवर दिसत नसते, झायलीन धुऊन नेतं तिला.
उरतात भोकं,
भोकांच्या मधून गुलाबी दोरे,
आणि एका कोपऱ्यात निळ्याचा ठिपका,
दिवा घालवायचा राहिलेल्या खोलीसारखा.

वाकणकर सर सांगायचे, मराठीत हिचं नाव यौवनलोपी ग्रंथी.
मी तेव्हा सत्तावीसची. हसले होते.
नावावरच मुदत छापलेली, दुधाच्या पिशवीसारखी.

बाकीचंही काही शाबूत राहत नाही म्हणा.
प्लीहेतली पांढरी बेटं आकसतात,
लसीका ग्रंथी मधूनच पिवळी पडते,
हाडांतल्या मगजाचा हिशेब तर तोंडपाठ आहे:
शंभरातून वय वजा करा,
उरेल तेवढे टक्के काम चालू, बाकी चरबी.
मी अठ्ठावन्न. म्हणजे बेचाळीस.
आमच्या वेळी एवढ्यावर पास करत होते.

गेल्या दिवाळीत त्र्यंबकदादाला नागीण उठली,
उजव्या बरगड्यांवर, अर्धा पट्टा.
शेजारच्या केतकरवहिनी गेरू घेऊन आल्या:
तोंडं जुळू देऊ नका हो, जुळली की संपलं.
मी दादाला गोळ्या दिल्या, वहिनींना चहा.
त्यांना कसं सांगू, ही बाहेरून आलेली नाही.
बारा वर्षांचा असताना त्याला कांजिण्या आल्या होत्या.
उशाशी कडुनिंब,
आणि मी चार वर्षांची, उंबऱ्याबाहेरून बघणारी.
त्यातलीच ही. चोपन्न वर्षं मणक्याशेजारी
अंग चोरून बसलेली, गस्त मोजत.
एका रात्री गस्तवाला आला नाही.

आता रिपोर्टात लिहिलं जाईल: वयानुरूप बदल.
माझ्या निरोप समारंभाच्या कागदावरही
असंच काहीसं, जरा जास्त गोड.

सहाला पोरं चहाला खाली उतरली.
मी दामल्यांची स्लाइड पुन्हा लावली,
निळ्या ठिपक्यापाशी शाईने खूण केली
आणि नव्या मुलीला, ऋताला, हाक मारली.
ती बराच वेळ डोळा लावून उभी.
मॅडम, इथे काही आहे का?
आहे ना, म्हटलं.
अजून दोघं-तिघं अभ्यास करतायत.
ती हसली.
सत्तावीसची असेल.